बोटीवरची तिसरी खाट

मला वाटलं होतं, क्रूझवरची खोली निवडताना आई आणि आत्या खिडकीवरून भांडतील. त्या भांडल्या, पण घरी कोण थांबणार यावरून. दुष्काळात लातुरात टँकर कधीही यायचा, आणि घरी कुणी नसलं की पिंप कोरडंच राहायचं. त्यामुळे या दोघी कधीच सोबत गावाला गेल्या नव्हत्या. बाहेर शिकून परतलेली मी, मोठ्या उत्साहानं मोबाइलवर तिघींची खोली आणि छतातून उघडणारी तिसरी खाट दाखवत होते.

“वन्सं, तुमी पोरीसंगं जावा. पाणी मी भरते,” आई म्हणाली.

“हाव! अन् तुमच्याबिगर समुद्र बघू? तुमीच जावा, वहिनी.”

“लई पाणी बघून काय करू? त्यातलं घागरभर तरी घरी आणता येतंय का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोली घेतली ती दोघींचीच, बाल्कनीवाली. टँकरसाठी मी थांबणार होते.