नावापुढचा गोल

(बारामती, दुपारची वेळ. बूथ एकसष्टवर सेहेचाळीस वर्षं पोलिंग एजंट राहिलेले श्रीपती, त्यांची बायको ताईबाई आणि एका उमेदवाराच्या प्रचार कार्यालयात नुकतीच कामाला लागलेली नात दिशा.)

श्रीपती : किती पानं पाठवलीस? नीट आठवून सांग.

दिशा : सगळी, आबा. सगळ्या वह्यांचे फोटो काढले आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकले.

श्रीपती : ग्रुपवर. म्हंजी किती जणांनी बघितली?

दिशा : अकरा. ऑफिसचेच आहेत सगळे. ऑफिस सांभाळणाऱ्या ऋषिराजसरांनीच मागितलं होतं. मतदारसंघाच्या निवडणुकांचा इतिहास छापायचाय, बूथवार. अठ्ठ्याहत्तर सालापासूनची एकसष्ट नंबर बूथची माहिती तुमच्याशिवाय कुणाकडं आहे? तुम्हीच म्हणालात, दे.

श्रीपती : आकडे दे म्हनलो. कवा किती मतदान झालं, बूथ चिंचेखालच्या मांडवातनं शाळेत कवा गेला, बायांची येगळी रांग कवापासनं लागाय लागली. नावाच्या याद्या कुठं दे म्हनलो?

ताईबाई : पोरीवर ओरडू नगा. तिला काय म्हाईत.

श्रीपती : ओरडू न्हाय तर काय करू! सकाळी शेजारची शकुबाई हितं उंबऱ्यावर बसून रडून गेली, ते हिला सांग की.

दिशा : शकुआजी? का?

ताईबाई : तिचा ल्योक समाधान घंटागाडीवर कामाला गेला, तर ठेकेदार म्हणला, गाडी दुसऱ्याला दिली. आधी ऋषिराजला भेटून ये, मग बघू.

दिशा : पण त्याचा आणि वह्यांचा काय संबंध?

श्रीपती : ऋषिराजनं तुला काय इचारलं का?

दिशा : काल फोन केला होता. म्हणाले, नावांपुढं कुठं टिक आहे, कुठं गोल, ते काय?

श्रीपती : आन् तू सांगितलंस.

दिशा : ...टिक म्हणजे आपलं मत, गोल म्हणजे पलीकडचं. मला वाटलं, त्यांना तुमचं कौतुक वाटलं. आबा, पुस्तिकेत तुमचं अख्खं पान आहे. "तीन मतांच्या पलीकडं कधी न चुकलेला माणूस." नव्या शर्टातला फोटो पण लागलाय.

श्रीपती : तो शर्ट घालून मी फोटोला बसलो, तितंच चुकलं माझं.

दिशा : पण तुम्ही खरंच चुकला नाहीत ना! मशीन आल्यापासूनच्या पाचही निवडणुका मी ताडून पाहिल्या. चोवीसला तुमचा अंदाज चारशे बारा, निघाली चारशे दहा. कसं कळायचं तुम्हाला?

श्रीपती : दाराजवळ यादी घेऊन बसायचो. मत देऊन निघालेला माणूस माज्याकडं बघून हसला, की टिक. बोटाची शाई निरखत खाली मान घालून गेला, की गोल. उमेदवाराला नुसता आकडा सांगायचो. नाव कवाच न्हाय. कागदाची मतं हुती तवा साऱ्या पेट्यांतली मतं एकत्र कालवून मोजायची, कुठल्या गल्लीनं कुणाला दिलं ते देवालाबी कळायचं न्हाय. मशीन आलं, बूथवार मोजाय लागलं, गल्ली उघडी पडली. माणूस तेवढा झाकलेला हुता, तो माज्या वहीनं उघडा केला.

ताईबाई : शकुबाईच्या घरात गोल किती?

श्रीपती : चार. चारी माणसांना गोल.

दिशा : आणि सगळे मिळून?

श्रीपती : एकशे सदतीस. त्यात अंगणवाडीची सेविका हाय, भाजीच्या गाड्यावाला भीमा हाय, शाळंची शिपाईण सारजा हाय. आज समाधान. उद्या कुणाचं नाव वाचतील?

दिशा : मी आत्ता फोटो डिलीट करते.

श्रीपती : अकरा जणांच्या फोनमधनं?

दिशा : मग मी कामच सोडते, आबा. मला नको ते ऑफिस. मी कुणाचं वाईट करायला नव्हतं हो पाठवलं.

ताईबाई : रडू नगं, बाळा. ये हितं. अवो, तुमी तरी कायतरी सुचवा. मगापासनं नुसत्या येरझाऱ्या चालल्यात.

श्रीपती : ...लाव त्याला फोन.

दिशा : काय सांगणार?

श्रीपती : तू लाव. आन् मधी बोलू नगंस. ...हां, जयभीम साहेब, श्रीपती बोलतोय. त्या माज्या पानाचंच काम हुतं. छापू नगा. ...न्हाय, लाजतोय कशाला. खोटं हाय ते. ...व्हय, आकडे जुळत्यात, जुळणारच. अंदाज मी निकालाच्या दुसऱ्या दिवशी लिवायचो. मोजणीचा आकडा घ्यायचा आन् दोन-तीन मतं हिकडं-तिकडं करायची. ...गल्लीत मिरवाय, दुसरं काय. ...खुणा? बेरीज बसवाय हाताला येईल त्या नावाला गोल काढायचो. ...शकुबाई व्हय? नळावरनं भांडली हुती माज्याशी, म्हणून चारी गोल. समाधाननं तर चोवीसला आपल्याच चिठ्ठ्या वाटल्या. ...व्हय साहेब. सेहेचाळीस वर्सं. ...बरं. ठेवतो.

दिशा : आबा, असं कशाला...

ताईबाई : काय म्हणला?

श्रीपती : हसला. मोठ्यानं हसला. शेजारी कुणी हुतं, त्यालाबी सांगितलं. दोघं हसलं.

दिशा : आणि समाधानकाकाचं?

श्रीपती : उद्या गाडी घेऊ दे म्हणला. म्हणला खरं. सकाळी गल्लीत त्याची घंटा ऐकू येईस्तवर माजा इस्वास न्हाय. आन् माजं पान काढून टाकतोय. फोटो तेवढा घेऊन ये तू.

दिशा : सगळी बारामती म्हणेल, म्हाताऱ्यानं आयुष्यभर थापा मारल्या.

श्रीपती : म्हणू दे. वाईट वाटतंय मला, न्हाय कसं वाटणार? ही एकच गोष्ट मला चांगली जमत हुती. पर म्हणू दे.

ताईबाई : दिशा, ती पंच्याण्णवची वही काढ गं. माज्या नावापुढं काय हाय बघ.

श्रीपती : ऱ्हाऊ दे की आता.

दिशा : थांबा... ताईबाई श्रीपती. आजी, गोल आहे.

ताईबाई : तीस वर्सं झाली. कवा बोलला न्हाय तुमी.

श्रीपती : काय बोलायचं? कालवलेली मतं ती. माजं बरोबर का चूक, ताडून बघाय मार्गच न्हवता.

ताईबाई : बरोबर हुतं तुमचं.