थॉर्नली चर्चच्या घंटांबाबत मिस पॉन्सफर्ड यांचे म्हणणे

मी, मिस विनिफ्रेड पॉन्सफर्ड, वय ६४ वर्षे, राहणार थॉर्नली हॉल, श्रॉपशर. धंद्यापुढे फौजदार हॉबडे यांनी 'काही नाही' असे लिहिले होते, ते खोडायला लावून 'भावाची शेतीवाडी पाहणे' असे लिहून घेतले आहे. माझा भाचा, म्हणजे धाकट्या दिवंगत भावाचा मुलगा, जर्व्हेस पॉन्सफर्ड याने माझ्याविरुद्ध फसवणुकीची तक्रार दिल्यावरून समक्ष हजर राहून सांगते की,

माझा भाऊ सर ऑब्री गेल्या नोव्हेंबरात वारला. आमच्या घराण्यातला 'सर' हा किताब आणि त्याच्यापाठोपाठ सगळी जमीन घरातल्या पुरुषाकडेच जाते. मी ऑब्रीहून वर्षाने मोठी, पण त्याचा या तक्रारीशी संबंध नाही असे फौजदार म्हणाले. भावाला मूल नव्हते, म्हणून किताब जर्व्हेसकडे जायचा. परंतु भाऊ गेला तेव्हा त्याच्या बायकोला, सिल्व्हियाला, दिवस गेलेले होते. अशा वेळी मूल जन्मेपर्यंत कोणीच 'सर' होत नाही. मुलगा झाला तर तो पाळण्यातच सर, मुलगी झाली तर जर्व्हेस.

जर्व्हेसला एवढा दम कुठला! तो गुडघ्याला बाशिंग बांधून, लंडनचे घर सोडून, बायको म्यूरिएलसह हॉलवर, म्हणजे आमच्या वाड्यावर, येऊन राहिला. भावाच्या खुर्चीत बसू लागला. नोकरांनी आपल्याला 'सर' म्हणावे, सवय झालेली बरी, असे त्याने सांगितले. म्यूरिएलने पडद्यांसाठी खिडक्या मोजल्या. सिल्व्हिया बसली होती त्या खोलीची खिडकीही मोजली, तिला जरा सरकायला सांगून.

सिल्व्हियाला माहेर उरलेले नाही. तिने जेवणाच्या टेबलावर जर्व्हेसला विचारले, "मुलगी झाली तर विनीताईंना आणि मला तळ्याकाठचं घर राहायला द्याल का?"

तो म्हणाला, "काकू, तिथं माझे शिकारी कुत्रे राहणार आहेत. तुम्ही समुद्रकाठी कुठंतरी जा. हवा छान असते."

त्या रात्री सिल्व्हिया जेवली नाही. जर्व्हेसने पुडिंग दोनदा घेतले.

गुरुवारी सकाळी सिल्व्हिया बाळंत झाली. जर्व्हेस तेव्हा गावात न्हाव्याकडे होता. मी चर्चकडे गेले आणि घंटा वाजवणाऱ्यांचा म्होरक्या, लोहार टोबायस, याला सांगितले, "हॉलवर बाळ आलंय. सगळ्या घंटा वाजव."

आमच्याकडे घंटा फक्त वारस मुलासाठी वाजतात. टोबायसने विचारले, "मुलगा का हो, मिस?"

मी म्हटले, "तुला किती लेकरं, टोबायस?"

"पाच. पाचही पोरी."

"मग वाजव."

त्याने आपली माणसे गोळा केली. खूप जोरात वाजवल्या.

जर्व्हेस अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून धावत आला. फाटकाशी मी आणि पाद्री पेनिफोल्ड उभे होतो. जर्व्हेस म्हणाला, "संपलं का सगळं, आत्या?"

मी म्हटले, "आई आणि बाळ सुखरूप आहेत."

"आता आम्ही जायचं कुठं? आत्या, काकूंना सांगून तळ्याकाठचं घर तेवढं मिळवून द्या ना."

"ती तर कुत्र्यांची जागा ना रे?"

"थट्टा नको हो आत्या! जिवावर बेतलंय इथं."

मी म्हटले, "बरं. मग आत्ता पाद्रीबाबांसमोर ठरवू. किताब ज्याच्या वाट्याला येणार नाही, त्याच्या माणसांना ते घर हयातभर. कबूल?"

"कबूल, कबूल! सज्जन माणसाचा शब्द!" त्याने माझा हात दोन्ही हातांनी हलवला. साबण माझ्या बाहीला लागला, तो डाग अजून आहे, हवा तर पुरावा म्हणून घ्यावा. कबूल केले आणि मोडले असे त्याने आयुष्यात पुष्कळ केले आहे, पण पाद्रीसमोर हात मिळवून मोडले तर या परगण्यात कोणी त्याला शिकारीला बोलावणार नाही. हे त्यालाही ठाऊक आहे.

मग तो म्यूरिएलला घेऊन बाळाला पाहायला वर गेला. दाई लंगोट बदलत होती.

म्यूरिएल आनंदाने किंचाळली, "अहो, तुम्हीच सर!" त्याचा चेहरा उजळला, मग फाटकाशी काय बोललो ते आठवून उतरला. किताब मिळाला, हॉल मिळाला, सगळी जमीन मिळाली, आणि कुत्र्यांची सोय झाली नाही म्हणून सर जर्व्हेस थेट पोलिसांत आला.

मुलगा झाला असे मी कोणालाही सांगितलेले नाही. जर्व्हेसने विचारलेही नाही. मुलीसाठी घंटा वाजवू नयेत असा कायदा आहे का, असे मी फौजदारांना विचारले. त्यांनी पुस्तक चाळून 'नाही' म्हटले.

घंटा का वाजवल्या, असे विचारल्यावरून सांगते की, ऑब्री जन्मला तेव्हा दोर तुटेपर्यंत वाजल्या होत्या. आई हे कौतुकाने सांगायची, मला मांडीवर घेऊन. माझ्या वेळी वाजल्या नाहीत. गुरुवारी त्या बाळासाठी वाजवल्या. फाटकाशी उभी राहून मी ऐकत होते, तेव्हा मला रडू आले, हेही लिहावे.

हे सर्व फौजदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवले, मी सांगितले तसेच आहे. दुरुस्ती एकच. वर राहण्याचे ठिकाण 'थॉर्नली हॉल' असे पडले आहे. ते खोडून 'तळ्याकाठचे घर' असे करावे.