उन्हाच्या रेघा

हॅलो?... हो, मीच, सुभद्रा. बोला यमुताई... हळू बोला ना... बाबा? काय झालं बाबांना?

कॉलेजच्या ग्रंथालयात दुपारचं कुणी नव्हतं. सुभद्राने हात लांब करून कूलर बंद केला, तेव्हा कुठे माहेरच्या शेजारीणबाईंचा आवाज नीट कानात शिरला.

अंगणात?... सकाळी आठपासून? यमुताई, बाहेर पंचेचाळीस आहे!... काय करून राहिले ते?... चुना घेऊन? कसल्या रेघा?...

विचारता विचारताच तिला उमगलं. रेघा तिनेच सांगितल्या होत्या. आईला जाऊन दोन महिने झाले होते आणि बाबा भिंतीकडे तोंड करून बसायचे. मृग लागायच्या आत आईच्या वाफ्यात काय लावायचं ते ठरवू. दर तासाला ऊन कुठवर येतं तिथे रेघ ओढून ठेवा, असं ती म्हणाली होती. तेवढंच मन रमेल.

हो... हो, माझीच अक्कल... अहो, पण एक दिवस म्हटलं होतं मी!... सोमवारपासून? म्हणजे आज चौथा... डोक्याला दुपट्टा तरी?... पन्हं दिलंत?... तसंच राहिलं... यमुताई, घाम येतोय का त्यांना? बघा ना खिडकीतून... चेहरा लाल? लाल आणि कोरडा?...

उष्माघाताच्या दोन बातम्या तिने सकाळीच कात्रणांच्या फायलीत लावल्या होत्या.

फोनवर बोलवा त्यांना... काहून नाही येत?... दोनची रेघ राहिली? बरं. मग तुम्ही खिडकीतून ओरडा. म्हणा, सुभद्राने ठरवलं, आता मोजायचं काम नाही. विहिरीकडे दिवसभर ऊन आहे, तिथे वांगी आणि ढेमसं... काय म्हणाले?... बरोबर? बघा! आता म्हणा, तुमच्या नव्या माडीची सावली पडते त्या पट्ट्यात धोपा. वड्यांचं अळू... हो म्हणाले? मोरीच्या पाण्यावर पुदिना. झालं म्हणा, या आत...

नाही?... कोणता तुकडा?... पेरूखालचा. हो, तिथे ठिपक्याठिपक्यांचं ऊन... पालक म्हणा... मागच्या साली फुलावर गेला? मग अद्रक. सांगा ना, अद्रक... काय म्हणतात?... "तुला काय माहीत." हो, मला काय माहीत... बसले? कुठे बसले? उन्हातच?... डोलून राहिले म्हणजे? यमुताई!

आई शेवटचे नऊ दिवस दवाखान्यात होती. त्या नऊ दिवसांत तिने डोळे उघडले होते, तोंड नाही.

ऐका, यमुताई. त्यांना म्हणा, आईने सांगितलं होतं... हो, आईने. दवाखान्यात, मला. पेरूखाली सांभार पेरायचा, कोथिंबिरीचा, धने रगडून... अहो, मग विचारा मला, आधी ओरडा!... अजून मोठ्याने...

काय झालं?... उठले?... येऊन राहिले? हात धरा, पायरी उंच आहे तुमची... डोक्यावर ओला टॉवेल टाका आधी. आणि डॉक्टरांकडे कुणाला तरी धाडा, आत्ताच... हो, द्या, द्या त्यांच्याकडे...

बाबा?... हो, सुभद्रा... हो, सांभार म्हणाली... संध्याकाळी. तुम्ही चहाला खाली गेला होतात तेव्हा... नीट बोलली, हो... बाबा, तो पेला घ्या आधी. घोट ऐकू आला पाहिजे मला... अजून... आणखी एक...

काय?... आणखी काय म्हणाली म्हणजे?...

नाही, तसं नाही... बोलली, बोलली ना... तुमच्याबद्दल? हो... तुमच्याबद्दलही...

फोनवर नको, बाबा. मी निघतेच. यमुताईंच्या खाटेवर पडून राहा. अंगणात पाय टाकलात तर एक शब्द सांगणार नाही... हो... हो, सगळं सांगते. ठेवते आता.

तिने पर्स घेतली, दाराला कुलूप घातलं. सीताबर्डीहून सक्करदऱ्याला रिक्षाने अर्धा तास लागतो. तेवढ्यात आई आणखी काय म्हणाली होती ते तिला सुचायला हवं होतं.