पुढची सीट

(धाराशिव. बायपासला लागून जुन्या गाड्यांचं आवार. सोनाली बायकांना गाडी शिकवते. बलभीम तिचे सासरे. व्यंकट गाड्या विकणारा.)

सोनाली : रंग राहू द्या, टेप राहू द्या. हँडब्रेक दोन्ही सीटच्या मधी आहे का, तेवढं सांगा.

व्यंकट : मधीच आहे ताई. बसून तर बघा. एकहाती गाडी, लातूरच्या डॉक्टरची. घर ते दवाखाना, एवढीच पळालीय.

सोनाली : तुमच्या आवारात सगळ्या गाड्या लातूरच्या डॉक्टरच्याच कशा ओ?

व्यंकट : डॉक्टर वेगवेगळे आहेत ताई.

बलभीम : व्यंकट, ह्या पांढऱ्यात येळ घालू नको. ती काळी मोठी उघड. चावी आण.

सोनाली : मामा, ती काळी नको म्हणून घरीच सांगितलं होतं.

बलभीम : तुला नको. पैसा निम्मा माझा हाय, मला पाहिजे. दारात उभी ऱ्हायली तर माणसानं इचारलं पाहिजे, कुणाची गाडी म्हणून. ही काय, कोंबड्याचं खुराडं.

सोनाली : दारात उभी करायला घ्यायचीच नाही. मला तिच्यावर बायका शिकवायच्या आहेत.

बलभीम : मोठ्या गाडीवर शिकली तर बारकी कुठलीबी हाणंल.

सोनाली : पाच फुटाची बाई त्या काळीत बसवा. तिला बॉनेट दिसतं, रस्ता दिसत नाही. साडी सावरत वर चढतानाच तिचा निम्मा धीर जातो. ही बघा. खुर्चीत बसल्यासारखं बसायचं, चारी कोपरे दिसतात.

व्यंकट : हे खरंय काका. बायकांना हीच...

बलभीम : तू गप. ती डिझेल हाय. डिझेल लौकर बंद पडत न्हाय. शिकाऊ माणसाला तेच बरं.

सोनाली : बंद पडावी म्हणूनच पेट्रोल घेते. चौकात गाडी बंद पडली, मागून चार भोंगे वाजले, की बाईला क्लच कळतो. चुकलं तरी गाडी सरकतच राहिली, तर आपलं चुकलं हे माणसाला कळणार कधी? आपल्या घरात तसलंच चालतं.

बलभीम : तोंड लई चालायलंय आज.

सोनाली : व्यंकटभाऊ, ह्या दारावर पोचा आहे.

व्यंकट : काढून देतो ताई. रंग मारून देतो. नव्यासारखी करून देतो.

सोनाली : काढू नका. मागच्या बंपरवरचाही राहू द्या.

व्यंकट : पोचा राहू द्या? असं म्हणणारं गिऱ्हाईक पहिलंच आलं.

सोनाली : चकचकीत गाडीला बायका भितात. ओरखडा पडंल, मॅडम बोलतील, घरी कळंल. आधीचाच पोचा दिसला की हात मोकळा होतो.

बलभीम : बघ व्यंकटा, बघ. पोचे आलेली गाडी, टपावर शिकाऊची लाल पाटी, अन् दोन्हीकडं पेडलं. त्यात बसून म्या सोयऱ्याच्या दारात जाऊ?

सोनाली : नका जाऊ.

बलभीम : अन् येरमाळ्याला? नवी गाडी आली की आधी येडेश्वरीला जाती. माझ्या बापानं बैलगाडी केली तवाबी गेलती. म्होरं कोण बसणार? म्याच की. मग पाय कुठं ठिवू? तुझ्या त्या पेडलावर?

सोनाली : शेवटी पायच. गाडी कुठली का असंना, आधी तुमच्या पायांची सोय. मागची गाडी त्याच्यापायीच गेली.

बलभीम : ते तुझ्या नवऱ्यानं केलं, रणधीरनं. माझ्यावर कशाला घसरायलीस?

सोनाली : तुमच्या लेकानं केलं, पण कुणासाठी? उत्कर्षभाऊजींच्या लग्नाला तेरला जाताना पुढच्या सीटवर कोण होतं? शिकवायची गाडी लग्नाला न्यायची म्हणून शिकवणाऱ्याच्या बाजूची, माझी ब्रेक-क्लचची पेडलं काढली. मला विचारलं नाही. परत बसवली तीपण नुसती दिसायला. खालचा दांडा जोडलाच नाही. दांडा नसंल तर ते पेडल कशाला लागत नाही, मामा. ब्रेकला नाही न् कशाला नाही.

बलभीम : ऱ्हायला असंल दांडा. माणूस हाय, चुकतंय.

सोनाली : रोज सकाळी मी ते पेडल दाबून बघते. त्या दिवशीही दाबलं. खाली गेलं, वर आलं. मला काय माहीत खाली काहीच नाही! ढोकीच्या रस्त्याला उमादेवीताई चालवत होत्या. समोर उसाची ट्रॉली थांबली. त्या गांगरल्या, पाय हवेतच राहिला. मी म्हणलं, मी आहे, घाबरू नका. आणि पाय मारला. पुरा मारला. नुसतं लोखंड. मग हँडब्रेक ओढला. तो मधी होता म्हणून हाताला तरी आला. तरी उसाची टोकं काच फोडून आत आली.

व्यंकट : बापरे.

सोनाली : त्यांचं मनगट मोडलं. शिलाईवर घर चालतं त्या बाईचं. मशीनवर तेव्हापासून चादर टाकलेली आहे.

बलभीम : तिनं ब्रेक सोडून भलतंच काय तरी दाबलं आसंल. समदे तसंच म्हणत्यात.

सोनाली : समदे म्हणतात म्हणून तिलाही तेच खरं वाटतंय! मी भेटायला गेले तर माझ्यासमोर हात जोडायला लागल्या. मॅडम, माझ्यामुळं तुमची गाडी गेली. मी सांगितलं, चूक तुमची नाही, माझाच ब्रेक लागला नाही. तर म्हणतात, मला बरं वाटावं म्हणून बोलताय. त्यांचा लेक तिथंच उभा. आई, मी तुला सांगत होतो, ह्या वयात हे नाद करू नको. त्या खाली मान घालून ऐकत होत्या.

बलभीम : आता झालं ते झालं. अन् रणधीरचीबी काय एवढी चूक न्हाय. ज्या मिस्त्रीनं पेडलं काढली, त्यानं सांगाया पाहिजे व्हतं, परत बसवताना काय करायचं ते. काम येत न्हाय अन् पाने घेऊन बसत्यात.

व्यंकट : काका, मिस्त्रीला मधी घेऊ नका.

बलभीम : का? तुझा कोण लागतो?

व्यंकट : माझाच मिस्त्री होता तो. तुमी इसरले का? तिकडं, त्या लिंबाखाली गाडी लावली होती.

सोनाली : इथं? रणधीर तर म्हणले घरीच काढली.

व्यंकट : रणधीरभाऊ कुठं होते ताई? ते आलेच नव्हते.

बलभीम : व्यंकट, चहा सांग.

सोनाली : मग कोण आलं होतं?

व्यंकट : मला वाटलं तुमाला ठावं आहे.

सोनाली : कोण आलं होतं?

व्यंकट : काका आले होते. उत्कर्ष चालवत होता, काका शेजारी. माझा मिस्त्री काढायला तयार नव्हता. म्हणला, मॅडमला विचारा. काका म्हणले, घर माझं हाय, मॅडमचं न्हाय. मग काढली. पण सांगितलं होतं ताई, येडेश्वरीची शपथ, बसवायला परत इथंच आणा, दांडा खालून जोडावा लागतो म्हणून. काका हो म्हणले. गाडी काय आली नाही.

बलभीम : तुझ्या आवारात परत पाय ठिवणार न्हाय म्या.

व्यंकट : नका ठिवू काका. पण माझ्या माणसाचं नाव खराब करू नका. त्याचंही पोट ह्याच कामावर आहे.

सोनाली : मामा.

बलभीम : काय?

सोनाली : महिना झाला, मी रणधीरशी बोलले नाही. ताट वाढते अन् आत निघून जाते. सृष्टी विचारते, पप्पांनी काय केलं. आणि तुम्ही त्याच पंगतीला बसून जेवत होता. भाकरी मागून घेत होता माझ्याकडं.

बलभीम : तोच म्हणला. म्या न्हाय सांगितलं त्याला. म्हणला, अण्णा, तुमी गप ऱ्हावा, म्या बघतो.

सोनाली : आणि तुम्ही गप राहिलात.

बलभीम : मग काय करू? गावभर दवंडी देऊ?

सोनाली : गावभर कशाला. घरात मला एकटीला सांगितलं असतं तरी झालं असतं.

बलभीम : तुला काय ठावं माझं काय झालं ते! साखरपुड्याला तेरला गेलो. नव्या सोयऱ्याच्या दारात गाडी थांबली. चार माणसं हार घेऊन पुढं आली. म्या उतराया गेलो तर धोतराचा सोगा त्या पेडलात अडकला. तोंडावर आपटलो. फेटा तिकडं, चष्मा तिकडं. अन् पोरं काय म्हणली? आजोबा गाडी शिकायलेत, म्हणली. समदी हसली. सोयरा हसला. त्याची बायको पदर तोंडाला लावून हसली. ह्या जिंदगीत मला कुणी हसलं न्हवतं.

सोनाली : म्हणून ब्रेक काढला.

बलभीम : लग्नापुरता. लग्न झालं अन् माझ्या हातानं परत बसवला. दोन्ही पेडलं जागच्या जागी. नट आवळले, वर चटई सारखी केली. मला काय ठावं आत दांडा असतो!

सोनाली : मिस्त्रीनं सांगितलं होतं.

बलभीम : म्या ऐकलंच न्हाय नीट. हां म्हणलो अन् निघालो.

सोनाली : मग मला विचारायचं.

बलभीम : तुला? म्या सुनेला इचारू, ब्रेक कसा बसवायचा ते?

सोनाली : हो. सुनेला. ज्या बाईचा पाय त्या पेडलावर असतो, तिला.

बलभीम : आवाज खाली. लोक बघायलेत.

सोनाली : बघू द्या. तुम्हाला लोक हसले, ते तुम्हाला एवढं लागलं. आणि त्या बाईला सगळी आळी हसतीय, रोज हसतीय, ते तुमच्या चुकीपायी. ते तुम्हाला गोड लागलं.

व्यंकट : ताई, पाणी प्या.

सोनाली : पाणी नको. व्यंकटभाऊ, ही पांढरी घेते. कागद माझ्या नावावर करा. दुसरी पेडलं आत्ता इथंच बसवा, तुमच्या त्याच मिस्त्रीकडून, माझ्यासमोर. दांडा जोडलेला मी खाली वाकून बघणार. आणि नटांना वेल्डिंगचा टाका मारा.

व्यंकट : टाका मारल्यावर कधी दुरुस्तीला काढायची झाली तर?

सोनाली : मला विचारून कापायची.

बलभीम : पैसे म्या दिले तर.

सोनाली : नका देऊ. लातूरला एक शाळा मला बोलवतीय. रोज एसटीनं जाईन, दुसऱ्याच्या गाडीवर शिकवीन. पण तिथला ब्रेक तरी लागतो.

व्यंकट : काका, एवढं बोलल्यावर आता काय...

बलभीम : तू मिस्त्रीला बोलव. माझ्या तोंडाकडं बघू नको.

व्यंकट : बोलावतो. बसा तिकडं सावलीला. दोघं दोन खुर्च्यांवर बसा म्हणजे झालं.

(तासाभरानं.)

व्यंकट : तुमचे चहा तसेच ठेवले का? गार झाले, साय आली वर. या ताई, काम झालं. वाका, बघा दांडा.

सोनाली : बॅटरी धरा जरा. हं. हा इकडं जोडला. आणि क्लचचा? बरं. आता तुम्ही बसा चालवायला. आवारातच एक फेरी मारा. मी शेजारी, ह्या पेडलांवर बसते.

व्यंकट : मी कशाला ताई, पोरगं आहे की माझं...

सोनाली : तुम्हीच. जरा जोरात घ्या. अजून. हं.

व्यंकट : आयो! अहो सांगायचं तरी! कपाळ गेलं माझं!

सोनाली : माझ्या बाजूचा ब्रेक लागतो. पट्टा लावायचा गाडीत बसलं की. हे शिकाऊला पहिल्या दिवशी सांगते मी.

बलभीम : झाली का तपासणी? नारळ आणलाय म्या समोरच्या दुकानातून. लिंबंबी आणलीत. आत्ता निघालो तर उजेडाचं येरमाळ्याला पोचू.

सोनाली : येरमाळ्याला उद्या जाऊ. आज आधी उमादेवीताईंच्या दारात.

बलभीम : तिथं काय काम?

सोनाली : माझं ऐकून त्यांना खरं वाटलं नाही. ज्यानं ब्रेक काढला, त्यानं सांगावं. त्यांच्या लेकासमोर सांगावं.

बलभीम : शिलाईवालीच्या दारात जाऊन म्या...

सोनाली : हो.

बलभीम : नवी गाडी, अन् आधी देवीला न्यायची सोडून भलतीकडं न्यायची? कोप झाला मंजी?

सोनाली : देवी थांबंल, मामा. तिचं मनगट मोडलेलं नाही.

व्यंकट : काका, मी येऊ का बरोबर?

बलभीम : ग्वाही द्यायला? दिली तेवढी लई झाली.

सोनाली : चावी द्या व्यंकटभाऊ. मामा, यायचं असंल तर बसा. नसंल यायचं तर समोरून रिक्षा मिळंल घरी जायला. मी गाडी इथंच ठेवते आणि लातूरला फोन लावते.

बलभीम : काय बोलू तिथं? मला तसलं बोलता येत न्हाय.

सोनाली : तेरला पाय अडकून पडलात इथून सुरू करा. पुढचं आपोआप येईल.

बलभीम : हसंल ती.

सोनाली : हसू द्या. महिनाभर हसली नाही ती.

बलभीम : अन् रणधीरला काय सांगशील?

सोनाली : ते माझं मी बघते. तुम्ही तुमचं बघा. तिथं नाही, मामा. तिथं पेडलं आहेत. तिथं फक्त शिकवणारा माणूस बसतो.

बलभीम : आत्ता तर तूच चालवणार. मोकळीच हाय की सीट.

सोनाली : मोकळीच राहील.

व्यंकट : काका, उन्हात किती उभे राहता. नारळ द्या इकडं, मी धरतो.

बलभीम : ऱ्हाऊ दे. व्यंकटा, ह्याचं मागचं दार कसं उघडतं रे? म्या कधी उघडलं न्हाय.