डावीकडची गिटार

रॉक ऐकायला स्वस्तातले इअरफोन कुठले घ्यायचे, असं विचारताय ना? मग आधी शालिमार चौकातल्या आमच्या मोबाइल-दुकानवाल्या विलासभाऊंचं ऐका.

दिवाळीत मी त्यांच्या दुकानातून एक जोडी घेतली. बेस झकास, ड्रम खणखणीत. पण रॉकमध्ये एक गिटार उजवीकडे वाजते, एक डावीकडे, आणि माझी डावीकडची गायब! भाऊंनी लगेच जोडी बदलून दिली. तीही तशीच. मग मात्र मी तापलो. "भाऊ, तुमचा सगळा लॉटच खराब आहे!"

भाऊ शांतपणे म्हणाले, "डावा काढून उजव्या कानात घाला. आली गिटार?"

"आली की!"

"आता उजवा डाव्या कानात घाला."

जवळजवळ काहीच ऐकू येईना.

"साहेब, आता पीस नका बदलू. कान दाखवून या."

डॉक्टरांनी चिमट्याने माझ्या डाव्या कानातून कापसाचा बोळा काढला. गुलालाने पार गुलाबी झालेला! गणपतीच्या मिरवणुकीत ढोल वाजवताना आम्ही पथकातले सगळे कानात कापूस घालतो. त्यातला एक काढायचाच राहिला होता. "बरं झालं आलात, कान चिघळायला लागला होता," डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती सोफ्यावर कायम माझ्या डावीकडे बसते.

"म्हणजे गणपतीपासून तू माझ्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करत नव्हतास?"

दुसऱ्या दिवशी भाऊंना पेढे द्यायला तीच गेली.