रंगनाथ खराडे साहेब झाला!

मंडळी, देवाचं नाव घेऊन झालं, आता टाळ जरा खाली ठेवा. मला एक सांगा. माणसाला मोल कशाचं मिळावं? तो जे काम करतो त्याचं, का लोक त्याला जी हाक मारतात तिचं? — ‘कामाचं, महाराज!’ अहो, लगेच मान हलवलीत! मान काय, नंदीबैलही हलवतो! आधी ऐका तरी.

रंगनाथ खराडे नावाचा एक गृहस्थ. गावाजवळ लोखंड ओतायचा कारखाना, तिथं हा भट्टीवर. वाळूचे साचे भरायचे, वितळलेलं लोखंड ओतायचं. अंगाची नुसती लाही! पण कामगार म्हणून लागलेला. त्यामुळं वेळेच्या वर थांबला की ओव्हरटाइमचे दुप्पट पैसे — हक्काचे! आणि तेच मालकाच्या डोळ्यांत खुपायला लागले.

मग मालकानं काय केलं? पगार कापला? छे! शिव्या दिल्या? अजिबात नाही! केबिनमध्ये बोलावून पेढा भरवला!

“खराडे, आजपासून तुम्ही सुपरवायझर. साहेब झालात! पांढरा शर्ट घ्या, बसायला खुर्ची घ्या.”

“आणि ओव्हरटाइम, मालक?”

“अहो, साहेबाला कुठं ओव्हरटाइम असतो?”

खुर्ची मिळाली, मंडळी! पण बसायला सवड कुठाय? फावडं तेच, वाळू तीच, भट्टी तीच. हाताखाली माणूस म्हणाल तर एक नाही. शर्ट तेवढा पांढरा — तोही दुपारपर्यंत!

बायको हौसाबाई म्हणाली, “अवं, घरी याला रात हुतीया, आन् पैसं पयल्यापरास कमी. ह्यो कसला मोठेपणा?”

“तुला न्हाई कळायचं. लोक साहेब म्हणत्यात.”

आणि गाव कुठं मागं राहतंय? शाल, नारळ, फेटा! चौकात हा एवढा फ्लेक्स! जन्मभर ज्यांनी ‘ए रंग्या’ म्हटलं, ते ‘या साहेब, बसा साहेब’ म्हणायला लागले. लेक होती दीपाली. तिला साहेबाची लेक म्हणून मोठ्या घरचं स्थळ आलं आणि सुपारी फुटली. माणसाला अजून काय पाहिजे?

आणि मंडळी, कारखाना बंद पडला.

भट्टी थंड झाली. कामगारांना कायद्यानं भरपाई मिळाली. रंगनाथाला? “तुम्ही अधिकारी! तुम्हाला कशी मिळेल?” अहो, उभं आयुष्य त्या आगीपुढं घातलं, आणि बाहेर पडला तो रिकाम्या हातानं!

हौसाबाईनं हिय्या केला. नवऱ्याला सरकारी कामगार कचेरीत नेलं, अर्ज द्यायला लावला. तिथल्या अधिकारी बाई भल्या होत्या. म्हणाल्या, “काका, कायदा हुद्दा बघत नाही, काम बघतो. सुनावणीला या आणि हातानं काय करत होता तेवढं खरं सांगा. तुमचा हक्क बुडत नाही.”

किती सोपं! खरं तेवढं सांगायचं! आपण रोज देवळात येतो ते कशासाठी?

सुनावणीचा दिवस उजाडला. दीपालीचा होणारा सासरा मोटारसायकल घेऊन दारात हजर. “साहेब, बसा, मी सोडतो!” व्याहीच तो, नाही कसं म्हणणार? सोडलं ते सोडलं, वर आत येऊन मागच्या बाकावर बसला! पावण्याला बाहेर थांबा म्हणायची आपल्यात रीत आहे का? नाही! तिथंच घात झाला.

बाईंनी विचारलं, “काका, तुम्ही काम काय करत होता?”

रंगनाथानं शर्टाची कॉलर नीट केली.

हौसाबाई हळूच म्हणाली, “सांगा की, फावडं मारत हुतो म्हणून.”

रंगनाथानं मागं बघितलं. व्याही कौतुकानं बघतोय!

“मी... सुपरवायझर होतो. कामं करून घेत होतो.”

“स्वतः हातानं करत नव्हता?”

“न्हाई, मॅडम.”

“हाताखाली माणसं?”

“लई हुती.”

बाईंनी त्याच्या हातांकडं बघितलं. कोपरापर्यंत भाजल्याचे डाग! पण माणूस तोंडानं नाही म्हणतोय, तिथं डागांची साक्ष कोण धरणार? अर्ज फेटाळला गेला.

लग्न झालं. साहेबाला शोभेल असं झालं, घर गहाण टाकून झालं. आता रंगनाथ दुसऱ्या तालुक्यात रोजंदारीवर माती उपसतो. निघताना इस्त्रीचा शर्ट घालतो, तिथं गेल्यावर काढून ठेवतो. हौसाबाई मला म्हणाली, “महाराज, मालकानं फसिवलं, त्याचं दुख न्हाई. पर ह्यांनी सोताच्याच हातांस्नी खोटं पाडलं वो!”

खरं बोलली ती माउली! मालकाचं पाप मालकाच्या माथी. पण मागच्या बाकावर कोण बसलं होतं, मंडळी? तुम्ही आणि मी! भट्टीवरच्या माणसाला आपण लेक देतो का? मांडवात पहिल्या रांगेत बसवतो का? मग त्यानं खरं कुणाच्या जिवावर बोलायचं?

बरं, आता एक करा. ज्याचं नाव मोठं झालं, काम तेच राहिलं आणि हक्काचा पैसा गेला, त्यानं हात वर करा. करा की! देवाच्या दारात कसली लाज?

एकही नाही?

ते खांबापाशी बसलेले दादा — तुमचा हात हलला होता. मी बघितलं. खाली का घेतलात?

शेजारी पावणं बसलेत होय?

असू द्या. असू द्या, दादा. आरती लावा रे.