पाच मीटर वायर

ही वायर दोनशेची, ती बावीसशेची, दोन्हीची तोंडं सारखी, दोन्हीतून जाणारं सामान तेच… तर मग फरक काय? एवढंच विचारलं होतं मी. लय अवघड विचारलं का, सांगा. दुकानदाराला विचारलं, जीपमधल्या माणसांना विचारलं, मोबाईलमध्ये बोलून विचारलं तर तिथं एक बाई गोड आवाजात दुसरंच काहीतरी सांगायली, अन् सगळ्यात आधी जिला विचारलं होतं तिनं तर… असू द्या. येईल ते पुढं.

तुमाला सांगतो, मी मेंढरांमागं फिरणारा माणूस. सहावीत मी शाळा सोडली का शाळेनं मला सोडलं, ह्याच्यावर आमच्या घरात अजून एकमत न्हाई. पण मला दोरी कळती. दोरी हातात घेतली, पीळ बघितला, दोन्ही हातांनी झटका दिला की कळतंय, हिला मेंढा बांधला तर राहील का न्हाई. अन् दोरीचा भाव कशावर? लांबीवर. जेवढी लांब तेवढी कामाची. हे साऱ्या दुनियेला माहीत हाय, वायरवाल्यांनाच तेवढं माहीत न्हाई.

तर झालं असं, की माझी थोरली बहीण दैवशाला, मी तिला आक्का म्हणायचो, ती वारली त्याला आज पंधरा दिवस झाले. कावीळ झाली अन् चार दिवसांत संपलं. मी चारठाण्याकडं मेंढरं घेऊन गेलतो, निरोप आला तसा निघालो, पोचलो तवा ती बोलत नव्हती. हे मी असं भरभर सांगायलोय कारण हळू सांगायला गेलो की पुढचं सांगता येत न्हाई मला. वायरीचं सांगतो.

आक्काकडं कंप्युटर होता. मानवतला कोर्स केला तिनं, अन् कुणाचा तरी जुना, पिवळा पडलेला कंप्युटर आणून घरातच लोकांचे फॉर्म भरायची, फोटो काढून द्यायची. अख्ख्या गावाचे दाखले त्या एका खोलीतून निघाले बघा. अन् काम नसलं की माझ्यासाठी धडे करायची. मोबाईल खिडकीत उभा करायचा, पुढं बसायचं अन् सांगायचं, "बिऱ्या, पाटी घे. मी थांबते." माझं नाव बिरदेव, तिच्या तोंडी बिऱ्या. अन् खरंच थांबायची हो ती. मी रानात, पाटी घरी, अन् ही व्हिडिओत गप बसून माझी वाट बघायली… मागं माय भांडी घासायली, कुठंतरी कोंबडं ओरडायलं, आक्काच्या केसांवर खिडकीतलं ऊन सरकायलं, अन् ती माझ्याकडं बघायली. मग म्हणायची, "झालं का? झालं म्हण." अन् परत थांबायची.

दर खेपेला घरी आलो की मोबाईलच्या कार्डात दहा-पंधरा धडे भरून द्यायची. अन् मी काय करायचो? ती चहा ठेवायला आत गेली की तिच्याच कंप्युटरवर बसून धडे पुसायचो अन् गाणी भरायचो. जागा पायजे ना गाण्यांना. रानात मेंढरं काय जोडाक्षरं ऐकणार हायेत? परत आलो की तिची चौकशी सुरू, "किती बघितले?" "समदे." "एकशेपाचव्यात काय होतं?" "जोडाक्षरं." कायबी विचारलं तरी मी तेच ठोकून द्यायचो, अन् बरोबर निघायचं. ती एवढी खुश व्हायची, की मला मेल्याहून मेल्यासारखं… मग पुढच्या खेपेला अजून गाणी.

मागच्या दिवाळीत भाऊबीजेला म्हणली, "बिऱ्या, साडी नको, मला एक वायर आण. चांगली, भारीतली. ह्या कंप्युटरमधलं बाहेर काढायला." म्हणलं, "भारी अन् हलकी, फरक काय?" म्हणली, "आण तर, मग सांगते." झालं. मी स्टँडवरून साठ रुपयांची आणली. वायर ती वायर. आठ दिवसांत बंद पडली. आक्कानं ती खिडकीच्या आपटणाऱ्या दाराला बांधली. दोन दिवसांत तिथंबी तुटली.

आता आमच्यात कसं हाय, गेलेल्या माणसाच्या वापरातली वस्तू तेराव्यानंतर घरात ठेवत न्हाईत. कपडे, वाकळ, ताट, चप्पल, समदं बाहेर. कुणाला तरी देऊन टाकायचं. मग कंप्युटरचं काय? आमच्या भावकीत आजवर कुणी कंप्युटर सोडून मेलंच नव्हतं, त्यामुळं विचारायचं तरी कुणाला? आमचे आबा, येडबा त्यांचं नाव, ते म्हणले, "रोज हात लावायची ना? मग वापरातलीच. जाऊ द्या." महारुद्रमामा लगेच म्हणले, "आमच्या भक्तीला द्या, कॉलेजला हाय. तेराव्याला जीप घेऊनच येतो." मी बी मान हलवली. मला काय त्या डब्याचं.

अन् बाराव्या दिवशी सकाळी, दात घासता घासता माझ्या डोक्यात आलं… धडे त्या डब्यात हायेत. माझ्याकडं एक न्हाई. माझ्याकडं गाणी हायेत.

त्याच दिवशी आबांनी मला मानवतला धाडलं होतं, तेराव्याच्या स्वयंपाकाला गूळ अन् हरभऱ्याची डाळ आणायला. मी जीपमधून उतरलो अन् पाय आपोआप सुगतच्या दुकानात. सुगत आक्कासंगं कोर्सला होता, आता कंप्युटरचं सामान विकतो. त्यानं मला बघितलं अन् खुर्ची पुसून दिली. मी धड्यांचं सांगितलं. मग म्हणला, "साठवायची डबी मी देतो, माझी हाय. त्यात समदे धडे मावतील. परत आणून दे सावकाश." मेंढीच्या खुराएवढी डबी बघा, अन् त्यात म्हणे आक्काचं समदं मावतंय. संगं हातभर काळी वायर दिली, दोनशेची, तिचे बी पैसे घेईना. म्हणलं, "किती वेळ लागंल?" म्हणला, "मशीन जुनं हाय तिचं. पाच-सहा तास." अन् मामा तेराव्याला दुपारी चारला निघणार. मी म्हणलं, "ही न्हाई. भारीतली दाखव."

दाखवली त्यानं. काय वायर होती राव. जाड, कापडानं विणलेली, तोंडाला चकचकीत धातू. हातात घेतली, पीळ बघितला, झटका दिला… सुगत म्हणला, "झटके देऊ नको रे." म्हणलं, "लांबीला?" म्हणला, "ही एक मीटर, ही पाच मीटर. पण लांब घेऊ नको बिरदेव, लांबीनं बिघडतंय उलट. अन् आधी मशीनचं तोंड बघ, आतून काळं हाय का निळं…" मी मनात म्हणलं, आखूड खपत नसंल ह्याची, म्हणून गळ्यात मारायलाय. विचारलं, "दोनशे अन् बावीसशे, फरक काय?" त्यानं लय सांगितलं. त्यातला एक शब्द मला कळला न्हाई. मी पाच मीटरवाली घेतली. खिशात होतं तेवढं समदं दिलं, जीपला दहा रुपये राहिले.

घरी आलो. आबा दारातच. "गूळ कुठंय?" मी पिशवीतून वायर काढली. आबांनी वायर बघितली, माझ्याकडं बघितलं, परत वायर बघितली. "डाळ?" मी वायरीचं दुसरं टोक काढलं. माझे आबा ओरडत न्हाईत. ते तिथंच बसले अन् मायला म्हणले, "केवळा, पोरानं बहिणीच्या तेराव्याला वायर आणलीय. बघ शिजती का." माय आतून बाहेर आली, माझं तोंड बघितलं, अन् शेजारच्या मनकर्णामावशीकडं डाळ मागायला गेली. गुळाचं कुणाला आठवलंच न्हाई.

गावात रात्रभर लाईट नव्हती, ती तेराव्याला सकाळी पावणेअकराला आली तवा दारात मांडव, चुलीवर कढया, अन् मी आक्काच्या खोलीत. डबी लावली, भारी वायर लावली, 'बिऱ्या' नावाचं तिचं पडद्यावरचं खोकं उचलून डबीत टाकलं. गाणी भरायला येत होती ना, तेच काम. आत दोनशे बारा धडे. हिरवी पट्टी आली. खाली वेळ आला… सहा तास.

सहा तास! सुगतला फोन केला, "तू फसवलं मला." म्हणला, "तोंड बघितलं का?" वाकून बघितलं, काळं. म्हणला, "मग कितीबी भारी वायर लाव, वेग तेवढाच." मी रागानं भारी वायर उपटली, फुकटची दोनशेवाली लावली, पहिल्यापासून सुरू केलं. सहा तास. मग फरक काय? वर घोळात अर्धा तास गेलेला.

पण तुमाला सांगतो, तिथं बसल्या बसल्या मला कळलं. आमी रानात मेंढरं बसवतो तवा भोवती वाघूर लावतो, जाळीचं कुंपण. त्याला एक तोंड ठेवायचं. आता येणारा रस्ता गाडीवाट असू द्या न्हाईतर मोठी सडक असू द्या, तोंडातून मेंढरू एकेकच आत जाणार. सडक रुंद केली म्हणून मेंढरं पळत न्हाईत. एवढंच होतं. सुगतनं हे असं सांगितलं असतं तर गूळ तरी आला असता.

मग मी बसून राहिलो. बाहेर बायांचं बोलणं, कढईचा वास, पत्रा तापल्याचा बारीक आवाज, अन् समोर आक्काचे धडे एकेक करून डबीत जायलेत… तेवीस, चोवीस, पंचवीस… पट्टी सरकती का न्हाई कळू नये इतकी हळू, दिवस कलताना सावली सरकावी तशी. मला वाटायलं, आक्का मागं बसलीय अन् म्हणायली, मी थांबते. खरं सांगू का, त्यावेळी कुणी येऊन म्हणलं असतं, घे ही वायर, दोन मिनटांत होतंय, तर मी घेतली नसती.

चारला मामांनी जीप दारात लावली. "आटप बिरदेवा, अंधाराच्या आत पोचायचंय. वायरी काढ." त्यावेळी एकशेसत्तर झालते. मी म्हणलं, थांबा. मामा म्हणले, "पोरा, मशीनला काय निरोप द्यायलास का?" तेवढ्यात आबा आत आले. बारा दिवसांत त्या खोलीत पहिल्यांदा. विचारलं, "हे हिरवं काय सरकायलंय?"

"आक्काचे धडे. डबीत जायलेत."

"समदे किती?"

"दोनशे बारा. आत एकशेसत्तर गेलेत."

आबा माझ्या बाजूला उकिडवे बसले. ओठ हलायला लागले त्यांचे. आबांना वाचता येत न्हाई, पण मोजायला त्यांच्यासारखं कुणी न्हाई, वाघरीच्या तोंडाशी बसून दोन-दोन मोजतात, एक कोकरू चुकत न्हाई. एकशेबहात्तर… एकशेचौऱ्याहत्तर… मग उठले, बाहेर गेले अन् म्हणले, "केवळा, पाव्हण्याला चहा कर." मामा म्हणले, झालाय चहा. "दुसरा कर." दुसरा झाला. आबांनी तिसरा सांगितला. मामांनी घोट घेतला अन् तोंड वाकडं केलं, "दाजी, गोड कामून न्हाई हा?" आबा म्हणले, "गूळ वायरीत गेला." अन् तेराव्याच्या मांडवात माणसं हसली हो. माय बी हसली, मग पदर तोंडाला लावून आत गेली.

दोनशेबारावा गेला. मी तो उघडून बघितला. आक्का खिडकीसमोर. डोळे पिवळे… कुणाला कळलं असतं तर त्या दिवशीच दवाखान्यात नेलं असतं, पण बघणाऱ्याला ते उन्हानं वाटावं असं ऊन होतं. पाटी घे म्हणली, थांबली. झालं का म्हणली, थांबली. मी गप बसलो. तिला खोटंच लय वेळा झालं म्हणलोय मी. मग म्हणली, "ह्या बारीला भाऊबीजेला खरंच भारी वायर आण बिऱ्या. कामून ते पुढल्या धड्यात सांगते. आज दमले."

दोनशेतेरावा न्हाई.

मी कंप्युटर उचलून जीपच्या मागं ठेवला. रस्ता माहीत हाय तुमाला आमचा, नुसते खड्डे. मामा म्हणले, "दोरी आण, बांधून घेऊ." घरात दोरी न्हाई. समद्या दोऱ्या मेंढरांसंगं चारठाण्याला. मामांना लय मजा वाटली, "मेंढरंवाल्याच्या घरात दोरी न्हाई!" मी आत गेलो. खाटेवर ती बावीसशेची वायर पडलेली, पाच मीटर. तशीबी ती आक्काचीच होती, तिच्याच नावानं आणलेली, म्हणजे घरात ठेवायची न्हाईच.

आणली बाहेर. पीळ बघितला, एक झटका दिला. मग कंप्युटरभोवती दोन फेरे, जीपच्या गजाला एक, अन् कोकराला बांधतो ती गाठ मारली, जी आवळत बी न्हाई अन् सुटत बी न्हाई. मामा म्हणले, "अरे येड्या, एवढी भारी वायर दोरी म्हणून?" आबा म्हणले, "बांधू द्या."

जीप गेली. वळणावर खड्ड्यात उडाली तरी कंप्युटर हलला न्हाई. दोनशेवाली हातभरच होती, ती पुरली नसती.